पाहून सांगतो, भाऊ

काम सांगणारा माणूस दर विचारून झाल्यावर, नमुना पाहून झाल्यावर किंवा काम पुरे करून घेतल्यावर एकाएकी उत्तर देणे बंद करतो, तेव्हा नागपूरचे व्यावसायिक 'पार्टी गायब आहे' एवढेच म्हणतात. पार्टी गायब असते म्हणजे शहर सोडून गेलेली नसते. ती संध्याकाळी फुटाळ्याच्या काठी दिसते, गोकुळपेठच्या बाजारात कोथिंबिरीचा भाव करताना दिसते, लग्नात अक्षता टाकताना दिसते. गायब असते ते फक्त तिचे उत्तर. आर्किटेक्ट, फोटोग्राफर, करसल्लागार, छापखानेवाला, वेबसाइट करून देणारा मुलगा, अशा सगळ्यांच्या वाट्याला ही अवस्था येते. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण जुनी आहे, म्हणजे दुखणेही जुनेच. फरक इतकाच, की त्या वैद्याला आपला निरोप रोग्याने किती वाजता वाचला हे कळत नव्हते.

सगळ्यांच्या वाट्याला येत असली तरी ही अवस्था सारख्या मापाने येत नाही. ज्याच्या हातात ग्राहकाची वस्तू अडकलेली आहे, त्याच्याशी ग्राहक फार सभ्यपणे वागतो. इतवारीतल्या सोनाराकडे बांगडी वाढवायला टाकलेला माणूस सोनाराची विचारपूस करतो. शिंप्याला तर लग्नसराईत दिवसातून तीनदा फोन येतात आणि फोन न उचलण्याचा अधिकार तिथे शिंप्याकडे असतो. या सभ्यतेला कायद्याचे पाठबळ आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर ज्याने श्रम किंवा कौशल्य खर्च केले, त्याला मेहनताना मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. कलमाखाली दोन उदाहरणे दिली आहेत. पहिल्यात जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेला हिरा आहे. मजुरी हातात पडेपर्यंत जवाहिऱ्या तो सोडत नाही. दुसऱ्यात शिंप्याकडे कोटासाठी दिलेले कापड आहे, परंतु शिंप्याने भिडेखातर तीन महिन्यांची उधारी कबूल केलेली आहे, त्यामुळे त्याला कोट अडवता येत नाही. 'भिडेखातर' हे कायद्यात लिहिलेले नाही, पण दुसरे कारण संभवत नाही.

वकिलाची स्थिती शिंप्याहून नाजूक आहे. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. आणि वकिलाहूनही खालच्या पायरीवर ती मंडळी आहेत, ज्यांच्याकडे अडवण्यासारखे मुळात काहीच नसते. त्यांनी दिलेला असतो तो सल्ला, अंदाज किंवा कागदावरची रेघ. एकदा सांगितलेला सल्ला परत घेता येत नाही आणि एकदा पाहिलेला नकाशा ग्राहकाच्या डोळ्यांतून पुसता येत नाही. मौनाचे खरे पीक याच जमिनीत येते.

नमुन्यादाखल आर्किटेक्टचे काम घ्यावे. बेसा किंवा मनीषनगरकडे कोणाचा तरी प्लॉट असतो. पहिली भेट बहुधा तर्री पोह्यांच्या ठेल्यावर होते आणि पोह्यांचे पैसे ग्राहक आग्रहाने स्वतः देतो. पुष्कळ प्रकरणांत आर्किटेक्टला मिळणारी तेवढीच फी असते. 'फक्त एक रफ प्लॅन काढून द्या, म्हणजे घरी दाखवतो,' एवढीच मागणी असते. रफ प्लॅनमध्ये आईसाठी खाली खोली, देवघर ईशान्येला, जिन्याखाली इन्व्हर्टर आणि गच्चीवर कूलरच्या पाण्याची सोय, इतके सगळे बसवावे लागते. प्लॅन पाहून ग्राहक भारावतो. त्या संध्याकाळी तो तीन वेळा फोन करतो, हात जोडलेले आणि अंगठा वर केलेला अशी दोन्ही चिन्हे पाठवतो. दुसऱ्या दिवशी कोटेशन जाते. त्यानंतर शांतता. सहा महिन्यांनी त्या प्लॉटवर पाया खणलेला दिसतो. देवघर ईशान्येलाच असते, जिन्याखाली इन्व्हर्टरची जागाही सोडलेली असते, फक्त नकाशा पास करण्यासाठी टाकलेल्या कागदांवर सही दुसऱ्याची असते.

या वागण्याला लबाडी म्हणणे सोपे आहे, आणि वरच्या उदाहरणात ते बरोबरही आहे. पण बहुतेक प्रकरणांत ग्राहक लबाड नसतो, भिडस्त असतो. तोंडावर 'नाही' म्हणणे नागपुरी माणसाला जड जाते. 'परवडत नाही' म्हटले तर आपली ऐपत उघडी पडते. 'महाग आहे' म्हटले तर समोरचा भाव कमी करतो आणि मग नाही म्हणायला तेवढेही कारण उरत नाही. 'दुसऱ्याला दिले' म्हटले तर समोरचा बहुधा साळ्याचा मित्र किंवा भिशीतल्या वहिनींचा भाऊ निघतो. अशा वेळी कोणालाही न दुखावणारे एकच वाक्य उरते : 'पाहून सांगतो ना, भाऊ.' त्यानंतर ग्राहक पाहतही नाही आणि सांगतही नाही, पण त्याच्या मते त्याने माणुसकी राखलेली असते. व्यावसायिकाला सौजन्याचा अभाव वाटतो तो पुष्कळदा सौजन्याचा अतिरेक असतो. नकाराचे एक वाक्य दोघांच्याही आठ महिन्यांची बचत करील हे खरे, पण ते वाक्य उच्चारायचे कोणी हा प्रश्न शिल्लक राहतो.

व्यावसायिकाचाही या भिडेत वाटा आहे. त्याच्या पहिल्या स्मरणपत्रात 'काही घाई नाही, सहज विचारलं' असे असते, जे धडधडीत खोटे आहे. दुसऱ्यात प्रकृतीची चौकशी असते. तिसऱ्यात दिवाळीच्या शुभेच्छा आणि त्यांच्या खाली, न दिसेल इतक्या बेताने, थकलेली रक्कम. घाई नाही असे लिहून कळवले की ग्राहक त्यावर विश्वास ठेवतो. या साऱ्या पत्रव्यवहारात ग्राहकाने प्रामाणिकपणे मानलेली ही एकमेव गोष्ट.

उत्तर लांबवण्यासाठी नागपुरात कारणे शोधावी लागत नाहीत, पंचांग आणि हवामान ती पुरवतात. गणपतीत कोणी व्यवहाराचे बोलत नाही. पितृपक्षात नवे काम सुरू करायचे नसते. नवरात्र, दसरा, मग 'दिवाळी झाली की बसू.' दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागते आणि त्याबरोबर माणसांची लग्नेही सुरू होतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन येते. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे वर्षातले एक अधिवेशन इथे भरते आणि त्याचा लाभ ज्यांचा विधिमंडळाशी काडीचा संबंध नाही, अशा ग्राहकांनाही मिळतो. 'अधिवेशन चालू आहे ना सध्या,' एवढे म्हटले की पुढे बोलणे खुंटते. म्हणणाऱ्याचा अधिवेशनाशी आलेला संबंध म्हणजे बर्डीवर अर्धा तास अडकलेली त्याची गाडी. सरकारचे अधिवेशन एक-दोन आठवड्यांत आटोपते, ग्राहकाचे संक्रांतीपर्यंत चालते. मग मुलांच्या परीक्षा, मग मार्च एंडिंग. एप्रिलपासून ऊन हेच कारण. मेच्या अखेरीस नवतपा लागला, की पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि अशा वेळी पैशाचा विषय काढणाऱ्यालाच लोक अविचारी समजतात. जूनमध्ये 'पाऊस लागू द्या', जुलैत 'पाऊस थांबू द्या', मग श्रावण, मग पोळा. ज्या वर्षी अधिक महिना येतो, म्हणजे साधारण ३२-३३ महिन्यांनी एकदा, त्या वर्षी ग्राहकाला चार आठवड्यांची जादा मुदत थेट आकाशातून मिळते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात काळी आणि पिवळी मारबत निघते. इडापिडा, रोगराई घेऊन जा, असे तिला सांगतात आणि तिच्यासोबत निघणाऱ्या बडग्या नावाच्या पुतळ्यांवर महागाईपासून खड्ड्यांपर्यंत सगळ्यांची टर उडवलेली असते. थकलेल्या बिलाचा एक बडग्या काढावा, असे पुष्कळांच्या मनात येत असणार. अडचण अशी, की बडग्याला चेहरा द्यावा लागतो आणि तो चेहरा बहुधा पलीकडच्याच गल्लीतला असतो.

२०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपने वाचलेल्या निरोपापुढे दोन निळ्या खुणा दाखवायला सुरुवात केली आणि मौनाला पुरावा मिळाला. त्याआधी 'निरोप पोचला नसेल' अशी समजूत घालून झोप लागत असे. निळ्या खुणा लपवण्याची सोय थोड्याच दिवसांत आली. पण ती वापरली तर दुसऱ्यांच्याही खुणा दिसत नाहीत, म्हणून मुरलेला ग्राहक ती वापरत नाही. तो निरोप न उघडता वरच्या पट्टीतच वाचून घेतो. इतकी सावधगिरी पाळणारा हाच माणूस व्यावसायिकाचे स्टेटस मात्र टाकल्यापासून चार मिनिटांत पाहतो आणि पाहणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव सर्वांच्या वर येते. रोज सकाळी सहाला सूर्य, कमळ आणि सुविचार यांचे चित्रही तो न चुकता पाठवतो. बिलाच्या निरोपाखाली अशी चाळीस-पन्नास कमळे साचतात. संवाद तुटला असे म्हणता येत नाही, तो फक्त अध्यात्माकडे वळलेला असतो.

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती. एवढ्या गर्दीत दोन माणसांनी एकमेकांना टाळणे कागदावर सहज शक्य आहे, प्रत्यक्षात नाही. एकाच लॉनवरच्या रिसेप्शनला दोघांनाही आमंत्रण असते. या भेटीचे शिष्टाचार ठरलेले आहेत. पहिला बोलतो तो ग्राहक, आणि त्याचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत असतो : 'अरे, तुम्हालेच फोन लावून राहिलो होतो!' व्यावसायिकाने 'कधी?' असे विचारायचे नसते. त्याने हसायचे असते. मग ग्राहक बायकोची ओळख करून देतो आणि 'यांच्यासारखा माणूस अख्ख्या नागपुरात नाही' असे मनापासून सांगतो. स्तुती जितकी जास्त तितकी वसुलीची आशा कमी, हा अनुभव आहे. रांगेत ग्राहक व्यावसायिकाच्या ताटात आग्रहाने जिलबी वाढतो आणि 'सोमवारी नक्की' असे म्हणून पाणी प्यायला जातो. कोणता सोमवार हे तो सांगत नाही.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर अल्बमची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मौनाचा सर्वांत गुंतागुंतीचा प्रकार तिथे आढळतो. ठरल्याप्रमाणे आगाऊ रक्कम मिळालेली असते, लग्न लागलेले असते, फोटोग्राफरने तीन-चार हजार फोटो पेन ड्राइव्हवर घालून दिलेले असतात. त्यांतले दीडशे-दोनशे निवडून द्यायचे, मग अल्बम छापायचा आणि अल्बम देताना उरलेले पैसे घ्यायचे. निवड होत नाही. वधूला आवडलेल्या फोटोंत सासूबाईंचे डोळे मिटलेले असतात. सासूबाईंनी निवडलेल्यांत वधूपक्षाचा एकही माणूस नसतो. मोठे मामा कोणत्याच फोटोत नाहीत हे उशिरा लक्षात येते आणि ते फोटोग्राफरच्या माथी बसते. घरातली ही भांडणे बाहेर सांगता येत नाहीत, म्हणून फोटोग्राफरला उत्तर जात नाही. त्याची बाकी एका कुटुंबाच्या अंतर्गत वाटाघाटींत अडकून पडते. दोन वर्षांनी फोन येतो तो बारशाच्या फोटोंचा भाव विचारायला. त्या वेळी, 'तो अल्बम राहिलाच ना हो तुमच्याकडे,' असे फोटोग्राफरलाच ऐकावे लागते.

व्यावसायिकांनी एकमेकांशी सौजन्याने वागावे याची मात्र पक्की व्यवस्था आहे. चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम, १९४९ याच्या पहिल्या परिशिष्टानुसार, दुसऱ्या सीएकडे असलेले लेखापरीक्षण आपल्याकडे घेण्यापूर्वी नव्या सीएने जुन्याला लेखी कळवावे लागते. जुन्याची निर्विवाद ऑडिट फी थकलेली असेल तर काम घेताही येत नाही. ग्राहकाने सोडून गेल्याचे जुन्या सीएला कधीच सांगितलेले नसते, त्यामुळे आपण 'जुने' झालो हे त्याला याच पत्रातून कळते. दुसऱ्या वकिलाचे वकीलपत्र दाखल असताना त्याच्या संमतीवाचून त्या खटल्यात उभे राहू नये, असे बार कौन्सिलचे नियम सांगतात. आर्किटेक्टांच्या १९८९ च्या व्यावसायिक आचारनियमांतही दुसऱ्याचे काम हिरावण्यास मनाई आहे. म्हणजे दोन सीए, दोन वकील, दोन आर्किटेक्ट एकमेकांना पत्रे लिहीत बसले आहेत, आणि ज्याच्यामुळे ही पत्रे लिहावी लागली त्या ग्राहकासाठी एका ओळीचाही आचारनियम कोणी केलेला नाही.

न्यायाच्या खातर उलट बाजूही नोंदवली पाहिजे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नागपुरात घरोघरी कूलर खाली उतरतात, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या असतात, मोटर जळालेली निघते. या काळात कूलर दुरुस्त करणारा माणूस शहरातला सर्वांत दुर्मिळ प्राणी असतो. तो फोन उचलतो तेव्हा 'येऊन राहिलो, रस्त्यातच आहे' असे सांगतो, आणि तो रस्त्यात असतो हे खरे, फक्त रस्ता दुसऱ्याच्या घराचा असतो. ज्या ग्राहकाने आर्किटेक्टला आठ महिने ताटकळत ठेवले, तोच आता गच्चीवर उभा राहून मेकॅनिकला पंधरा वेळा फोन लावतो आणि 'लोकांना बोलायची रीत राहिली नाही' असे म्हणतो. सप्टेंबरात हाच मेकॅनिक मागच्या मोटरचे दोनशे रुपये मागायला फोन करतो तेव्हा हवा गार झालेली असते आणि फोन कोणी उचलत नाही. सुतार, नळवाला, रंगारी यांचेही असेच आहे. हंगाम ज्याचा, मौन त्याचे.

मौनाविषयी कायद्याचे म्हणणे एकसारखे नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये फेल्टहाउस विरुद्ध बिंडली हा खटला झाला. काकांना पुतण्याचा घोडा हवा होता. भावावरून गैरसमज झाला तेव्हा काकांनी मध्य साधून लिहिले, की उलट काही कळवले नाहीस तर ३० पौंड १५ शिलिंगांना घोडा माझा झाला असे समजेन. पुतण्याने काहीच कळवले नाही. त्याच्या मनात घोडा काकांनाच द्यायचा होता, लिलाववाल्याला त्याने तसे बजावलेही होते, पण काकांना दोन ओळी लिहिणे राहिले. लिलाववाल्याने चुकून घोडा विकून टाकला. काका कोर्टात गेले आणि हरले, कारण मौन म्हणजे संमती नव्हे. भारतीय करार कायद्यालाही स्वीकार कळवलेला हवा असतो. ग्राहक बोलत नाही तोवर कोटेशन नुसता कागद असतो, आणि वाजवी मुदत उलटली की तोही मागे पडतो. 'हे दर १५ दिवस लागू' अशी तळटीप व्यावसायिक घालतात. ग्राहक ती वाचत नाही आणि नवव्या महिन्यात 'त्याच भावात करून द्या' म्हणतो.

काम होऊन गेल्यावर मात्र गणित फिरते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने दिलेल्या सेवेबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ती स्वीकारली असेच धरतात. इथे मौन म्हणजे संमती. लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यायचे, नसेल तर त्याहून आधी, आणि चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय आयकर कायद्यात २०२३ च्या वित्त अधिनियमाने घातलेल्या कलम ४३ब (ह) मुळे, मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंतही न दिलेली अशी रक्कम खरेदीदार व्यावसायिकाला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये यामुळे पुष्कळ व्यापाऱ्यांना आपल्या छापखानेवाल्याचा फोन नंबर आठवला. तिप्पट व्याजाचा हक्क असला तरी तो बजावणारे थोडेच, कारण नोटीस पाठवायची ती भिशीतल्या वहिनींच्या भावाला.

केलेल्या कामाचे पैसे मागण्यासाठी दावा लावायची मुदत, काम झाल्यापासून तीन वर्षे आहे. मुदत संपण्याआधी ग्राहकाने 'देणे आहे' असे लिहून सही केली तर तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजतात. रिसेप्शनच्या रांगेत तोंडी कबूल केलेल्या सोमवारांना ही सवलत नाही. एकही अक्षर न लिहिणारा ग्राहक कायद्याच्या दृष्टीने सर्वांत हुशार ठरतो, जरी त्याने हे कलम कधी वाचलेले नसते.

तीन वर्षांनी किंवा त्याच्या अलीकडे पलीकडे ग्राहक परत येतो. मागचे काही घडलेच नाही अशा मोकळेपणाने तो फोन करतो, 'ओळखलं का जी?' असे विचारतो आणि 'एक छोटंसं काम होतं' असे सांगतो. नवखा व्यावसायिक तिथल्या तिथे जुन्या बाकीची आठवण काढतो आणि फोन पुन्हा तीन वर्षांसाठी बंद पडतो. अनुभवी माणूस आनंद दाखवतो, प्रकृती विचारतो, तर्री पोह्यांना भेटतो आणि संध्याकाळी कोटेशन पाठवतो. त्याची पहिली ओळ असते 'मागील बाकी' आणि दुसरी 'आगाऊ रक्कम, निम्मी'. मुलीच्या लग्नाची तारीख निघालेली असेल, वर्धा रोडवरचे लॉन ठरलेले असेल आणि पत्रिका पंधरा दिवसांत हातात हव्या असतील, तर दोन्ही ओळींचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी, कमळाच्या चित्राच्याही आधी, खात्यात जमा होतात.